इमारतींच्या आकाराच्या जुन्या जाहिरात-दौती जमवायच्या आहेत? बेळगाव भागातल्या नवख्यांसाठी

मेजावर ठेवायची दौत, पण आकार थेट एखाद्या विमा कंपनीच्या मुख्य कचेरीचा. घुमट उचलला की आत काचेची वाटी, पायऱ्यांपुढे टाक ठेवायला पन्हळ आणि जोत्यावर उठावाच्या अक्षरांत कंपनीचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या कंपन्या अशा वस्तू आपल्या गिऱ्हाइकांना वाटायच्या. आपल्याकडे पतसंस्था दिवाळीला कॅलेंडर आणि कापडी पिशवी देतात, तसाच तो व्यवहार. फरक इतकाच की कॅलेंडर वर्षाने रद्दीत जाते आणि ओतीव दौत शंभर वर्षांनीही कुणाच्या तरी माळ्यावर पडून असते.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा नाद असलेली माणसे फार नाहीत. त्यामुळे नवख्याला विचारायला जागा नाही. पुस्तके परदेशी, विक्रेते परदेशी आणि इथे जो विकतो त्याला स्वतःलाच वस्तू कळलेली नसते. पण पुण्या-मुंबईच्या संग्राहकांना सहज मिळत नाही अशी एक सोय आपल्याला आहे. आपले गाव फाउंड्रीचे आहे. उद्यमबाग किंवा मच्छेत काम करणारा एखादा भाऊ, मेहुणा, शेजारी प्रत्येकाला असतोच. दौत म्हणजे शेवटी ओतकाम, आणि ओतकाम तळातून वाचायचे असते. दर्शनी बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, तळाकडे कुणी लक्ष दिलेले नसते. पुढची बरीचशी कसोटी याच एका गोष्टीवर उभी आहे.

१. आधी काय जमवायचे ते ठरवा

इमारतीच्या आकाराची प्रत्येक दौत जाहिरातीची नसते. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिली प्रवाशांची. रोमला गेलेले श्रीमंत युरोपीय लोक तिथून पँथिऑन, व्हेस्टाचे गोल देऊळ, स्किपिओची शवपेटी यांच्या ब्राँझच्या किंवा दगडी प्रतिकृती आणायचे आणि त्यातल्या कितीतरी दौतीच होत्या. दुसरी प्रदर्शनांची. पॅरिसचे १८८९ चे प्रदर्शन आणि त्याच्यासाठी उभा राहिलेला आयफेल टॉवर, शिकागोचे १८९३ चे, पुन्हा पॅरिस १९००, सेंट लुईस १९०४. या प्रदर्शनांच्या आठवणी म्हणून ढिगाने वस्तू निघाल्या. तिसरी जात खऱ्या जाहिरातीची. हिच्यावर कंपनीचे, बँकेचे किंवा दुकानाचे नाव साच्यातच ओतलेले असते किंवा मागाहून पट्टी बसवलेली असते. बरेचदा ‘कॉम्प्लिमेंट्स ऑफ’ अशी सुरुवात असते.

विक्रेते तिन्हींना सरसकट ‘अॅडव्हर्टायझिंग’ म्हणतात, कारण त्या शब्दाने भाव चढतो. नाव नाही तर जाहिरात नाही, इतके सरळ ठेवा.

आणखी एक गल्लत. अमेरिकन बँकांनी पुढे आपल्याच इमारतीच्या आकाराचे पैसे साठवायचे गल्लेही वाटले. छताला किंवा मागच्या भिंतीला नाण्याची फट असेल आणि तळाला कुलपाचे झाकण असेल तर तो गल्ला आहे. गल्ले जमवणारे वेगळे आणि त्यांचा भावही वेगळा.

आग्र्याच्या संगमरवरी किंवा गोरा दगडाच्या (मऊ सोपस्टोनच्या) ताजमहाल-दौती हा चौथाच प्रकार. त्या सुंदर असतात, पण या विषयात मिसळू नका.

२. पिशवीत काय असावे

- दहापट भिंग आणि छोटी टॉर्च
- लोहचुंबक (जुन्या स्पीकरचा तुकडाही चालतो)
- व्हर्नियर कॅलिपर
- ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, हा घरी
- मऊ सुती कापड, दोरा, वही

मोबाइलचा कॅमेरा आहेच. तळाचा, बिजागरीचा आणि अक्षरांचा फोटो प्रत्येक वेळी काढायचा, घेतली नाही तरी. नाकारलेल्या वस्तूंचे फोटो पुढे फार कामाला येतात.

३. कुठे शोधायचे

आपल्या भागात खरी जाहिरात-दौत मिळणे दुर्मीळ. पण कॅम्पातले जुने बंगले आणि निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्यांचे वाडे मोडले जातात, तेव्हा मेजावरचे सामान भंगारात येते. खडे बाजार-शहापूरकडच्या भंगारवाल्यांना एकदा फोटो दाखवून ठेवा, म्हणजे पितळ म्हणून वितळायला जायच्या आधी तुम्हाला फोन येईल. संवाद साधारण असा होतो:

“मामा, हे देवळासारखं काय आहे?”

“लई जुनं हाय बघा. इंग्रजाच्या टायमाचं.”

“किती सांगताय?”

“तुम्हीच सांगा की ओ.”

इथे आकडा बोलायचा नाही. “किलोनं द्या” म्हणावे. पितळ निघाले तर किलोचा भाव ठरलेला असतो आणि पितळ नसेल तर मामांना ते तुमच्या आधी कळते. त्यांच्या चेहऱ्यावरून धातूची निम्मी परीक्षा तिथेच होते.

चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलात तर मडगाव-पणजीकडच्या जुन्या घरांतले लेखनसाहित्य बघायला मिळते. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईतल्या चोर बाजारची मटन स्ट्रीट या जागा शिकायला उत्तम, पण तिथे नवा पितळी माल जुना करून ठेवलेला भरपूर. कोल्हापूरहून, पुण्याहून घेऊन येताना पावती जवळ ठेवा. कोगनोळीला कुणी गाडी थांबवलीच तर पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली जड धातूची वस्तू काय आहे ते पावतीच सांगते.

बाकी सगळे ऑनलाइन. ईबे आणि परदेशी लिलावांच्या संकेतस्थळांवर इंग्रजीतून ‘सुव्हेनिर बिल्डिंग इंकवेल’ शोधाल तर तयार भावाचा माल दिसेल. फ्रेंच ‘आंक्रिये’ (encrier), जर्मन ‘टिंटेनफास’ (Tintenfass), पोर्तुगीज ‘तिंतेइरो’ (tinteiro) असे त्या-त्या भाषेच्या स्पेलिंगने टाकून बघा. ज्या विक्रेत्याला आपण काय विकतोय याची कल्पना नाही, तो तिथे भेटतो.

४. उलटी करा

वस्तू हातात आली की पहिल्यांदा उलटी करायची. झाकण, वाटी काढून बाजूला ठेवायची आणि मग क्रमाने बघायचे.

*धातू.* चुंबक चिकटला तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड. चिकटला नाही तर पितळ, ब्राँझ, जस्त किंवा शिसे. स्वस्त वाटायच्या दौती बहुतांश जस्ताच्या मिश्रधातूच्या, ज्याला संग्राहक स्पेल्टर म्हणतात, आणि वर तांब्या-ब्राँझचा पातळ मुलामा. तळाच्या कडेला जिथे मुलामा घासला गेलाय तिथे भिंग लावा. आतून करडा-पांढरा निघाला तर स्पेल्टर, पिवळा निघाला तर पितळ. नवीन ओरखडा काढायचा असेल तर विक्रेत्याला विचारून, आणि तोही फक्त तळाच्या आतल्या बाजूला.

घरी आणल्यावर पक्की खात्री करता येते. दौत कोरडी तोला. समजा ४३० ग्रॅम भरली. आता काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून आकडा शून्य करा आणि दौत दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी लोंबकळत धरा. आकडा ६० ने वाढला तर ४३० भागिले ६०, म्हणजे घनता ७.२ च्या आसपास, हे जस्त. ५० ने वाढला तर ८.६, हे पितळ. शिसे ११ च्या पुढे जाते. आत हवा अडकली तर उत्तर चुकते, म्हणून वाकडी करून बुडबुडे काढून टाकायचे. तळाला फेल्ट किंवा कागदी लेबल असेल तर हा प्रयोग करूच नका, लेबल हेच अर्धे मोल असते.

*पोकळी.* स्पेल्टरची वस्तू धातूच्या साच्यात पातळ रस ओतून, भिंतीला थर धरला की उरलेला रस परत ओतून काढून बनवत. त्यामुळे आतली बाजू गुळगुळीत, थोडी लाटालाटांची दिसते आणि बाहेरच्या खिडक्या-खांबांचा अंदाज आतूनही येतो. वाळूच्या साच्यातले ओतकाम आतून खरखरीत असते. जुने पितळ आणि बीडही वाळूतच ओतलेले असते, तेव्हा नुसत्या खरखरीवरून नकली ठरवू नका. वाळू किती बारीक होती ते बघा. फाउंड्रीतल्या माणसाला दाखवलीत तर तो कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा गाभा) कुठे बसला होता, रस कुठून सोडला, पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) कुठे घासली हे बोटाने दाखवेल.

*घासल्याच्या खुणा.* तळ सपाट करताना जुन्या कारागिराने कानस मारली असेल तर रेघा सरळ आणि जवळजवळ समांतर. अँगल ग्राइंडरने कमानदार रेघा येतात. वर शंभर वर्षांचा काळसरपणा आणि खाली ग्राइंडरची कमान, असे दिसले की वस्तू खाली ठेवायची आणि चहा प्यायला जायचे.

*स्क्रू.* चौफुली खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात आले. त्याआधीची म्हणून सांगितलेल्या दौतीत असा स्क्रू असेल तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तू नवी आहे. स्क्रूच्या भोवती मळ कसा बसलाय त्यावरून दोन्हींतला फरक कळतो.

*आकसणे.* ही कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण ती आपल्याच गावच्या पॅटर्नमेकरची, म्हणजे ओतकामाचा नमुना (पॅटर्न) करणाऱ्याची आहे. पितळ निवताना साधारण दीड टक्का आकसते. म्हणून लाकडी पॅटर्न करणारा मुळातच थोडी मोठी आखलेली पट्टी वापरतो. नकल करणाऱ्याकडे पॅटर्न नसतो, तो अस्सल दौतच वाळूत दाबतो. साहजिकच त्याची दौत त्या प्रमाणात लहान निघते. अस्सल १२० मिलिमीटर उंच असेल तर नकल ११८ च्या जरा वर. त्या नकलेची पुन्हा नकल झाली की आणखी दीड टक्का गेला. बरोबर अक्षरांच्या कडाही बोथट होतात, खिडक्यांच्या गजांमधली जागा बुजते. मात्र लिलावाच्या सूचीत माप पाव-पाव इंचात दिलेले असेल तर इतका फरक त्यात बुडून जातो. विक्रेत्याकडून मिलिमीटरमध्ये माप आणि काटकोनातला फोटो मागवा. खरा विक्रेता देतो.

*रंग.* जुना काळसरपणा हात लागतो तिथे उडालेला आणि कोपऱ्यांत दाट असतो. आम्लाने किंवा अमोनियाने केलेला सगळीकडे सारखा, आणि हिरवा थर नखाने निघतो. शाई सांडायची जागा म्हणजे वाटीची बैठक. तिथे निळे-काळे डाग किंवा धातू खाल्ल्याच्या खुणा दिसल्या तर ती बहुधा वापरलेली दौत आहे. शाई आम्लधर्मी असायची. आत एकही डाग नाही आणि बाहेर मात्र शतकाचा मळ, हे जुळत नाही.

*वाटी आणि झाकण.* काचेची किंवा चिनी मातीची वाटी बहुतेक वेळा हरवलेली असते. नंतर बसवलेली वाटी चालेल, पण बिलात तसे लिहून घ्या. झाकण मूळचे नसेल तर मात्र किंमत निम्म्याहून खाली धरा. निदान माझा हिशेब तसा आहे, कारण घुमट किंवा मनोऱ्याशिवाय इमारत ओळखूच येत नाही.

५. वय काढा

इमारत स्वतःच साक्षीदार असते. सिंगर कंपनीची न्यूयॉर्कमधली मनोरा-इमारत १९०८ ची, मेट्रोपॉलिटन लाइफचा मनोरा १९०९ चा, वूलवर्थ १९१३ ची. दौत त्याच्या आधीची असू शकत नाही. (नकाशावरून आधीच साचा केला असेल तर वर्षभर इकडे-तिकडे.) नंतरची मर्यादा कधी-कधी मिळते. सिंगरची इमारत १९६८ च्या सुमारास पाडली गेली, लंडनचा क्रिस्टल पॅलेस १९३६ ला जळाला. पण पाडलेल्या इमारतीच्या आठवणी नंतरही विकल्या जातात, म्हणून हा पुरावा एका बाजूनेच घट्ट आहे. व्हेनिसचा सेंट मार्कचा मनोरा १९०२ ला कोसळला आणि १९१२ ला तसाच पुन्हा उभा राहिला. त्याच्यावरून काहीच ठरत नाही.

मग तळावरचे शिक्के. ‘डी.आर.जी.एम.’ म्हणजे जर्मनीतली नमुना-नोंदणी, ती १८९१ पासून. नुसते ‘जर्मनी’ असे इंग्रजीत असेल तर अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानंतरचा निर्यात माल असण्याची शक्यता मोठी. फ्रेंच ‘देपोझे’ म्हणजे नोंदवलेला नमुना. ब्रिटिश ‘आर.डी.’ क्रमांक १८८४ पासून एकपासून सुरू झाले, त्यामुळे क्रमांक जितका मोठा तितका नंतरचा. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर १९४५ ते १९५२. शिक्का नसणे हा दोष नाही, कितीतरी अस्सल वस्तूंवर काहीच नसते. शिक्का फार ठळक आणि बाकीची अक्षरे बोथट, याची मात्र शंका घ्या.

जाहिरातीतला पत्ताही बघा. कंपनी कचेरी बदलते, नाव बदलते, दुसरीत विलीन होते. जुन्या निर्देशिकांची स्कॅन केलेली पाने नेटवर सापडतात आणि त्यावरून दहा-पंधरा वर्षांची चौकट बसते.

६. भाव

आकडे देत नाही, कारण ते वर्षात शिळे होतात. चढउताराचे कारण सांगतो. अशा एका दौतीवर तीन जातींचे लोक बोली लावतात: दौती जमवणारे, छोट्या इमारती जमवणारे आणि जुन्या जाहिराती जमवणारे. तिघांनाही हवी असलेली वस्तू, म्हणजे ओळखू येणारी इमारत, वाचता येणारे नाव, शाबूत झाकण, ही आवाक्याबाहेर जाते. आयफेल टॉवर भरमसाट बनले, म्हणून साधे टॉवर तुलनेने स्वस्त. नवख्याने कुणालाच माहीत नसलेल्या गावच्या बँकेची स्पेल्टर दौत घ्यावी. जगात फार जणांना ती नको असते आणि तुम्हाला तिच्यावर सगळे शिकायला मिळते.

७. परदेशातून मागवताना

कागदपत्रे: विक्रेत्याचे बिल (वस्तू, धातू, माप, अंदाजे काळ, किंमत), पैसे भरल्याचा पुरावा, वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि केवायसीसाठी आधार व पॅन.

आपल्याकडे इथे हमखास अडते ते गावाच्या नावावर. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. पण बोलताना, दुकानाच्या पाटीवर आणि कितीतरी जुन्या कागदांवर अजून बेळगावच आहे. आधारवर एक, बँकेच्या कागदावर दुसरे आणि पार्सलवर तिसरेच स्पेलिंग असेल तर केवायसी मागे येते आणि पार्सल गोदामात पडून राहते. वाद आपल्या जागी. पार्सलवर मात्र आधारवर आहे तसेच नाव, पत्ता आणि पिनकोड अक्षरशः उतरवून द्या. आडनावाचेही तेच.

शंभर वर्षांवरच्या वस्तूंचे कस्टम शीर्षक ९७०६, त्याहून नव्या वस्तू इतर शीर्षकांत जातात आणि दर वेगळे. दर बदलत असतात, मागवण्याच्या दिवशी बघा. वय सिद्ध करायची जबाबदारी तुमची, म्हणून बिलावर काळ लिहून घ्यायचा. विक्रेता आपणहून “गिफ्ट लिहू का, किंमत कमी दाखवू का” विचारतो. नको म्हणा. चोरी सापडली तर दंड आणि पार्सल फुटले तर विमा त्या कमी किमतीचाच मिळतो.

पॅकिंगची सूचना लेखी द्या: वाटी वेगळी, झाकण वेगळे, मनोऱ्याच्या टोकावर भार नको. स्पेल्टर ठिसूळ असते, टोके कडकन मोडतात.

८. साफसफाई आणि पावसाळा

घरात नवी पितळी वस्तू आली की कुणीतरी चिंच किंवा पितांबरी घेऊन पुढे येते. हात जोडून थांबवा. आम्लाने मुलामा जातो आणि जस्त तर सरळ खाल्ले जाते. कोरडा मऊ ब्रश, फार तर ओलसर कापड आणि लगेच कोरडे पुसणे, एवढेच. काचेची वाटी तेवढी थंड पाण्यात रात्रभर ठेवा, सुकलेली शाई सुटते. गरम पाणी नको, जुनी काच तडकते.

मोडलेल्या स्पेल्टरला डाख देणाऱ्याकडे नेऊ नका. जस्त ४२० अंशांच्या आसपासच वितळते, भाता जरा जास्त झाला की मनोरा त्याच्या डोळ्यांदेखत बसतो. मोडलेला तुकडा पुडीत घालून दौतीसोबत ठेवलेला बरा.

आपल्या पावसात, त्यातही खानापूरकडच्या, जस्तावर पांढरी भुकटी धरते. पॉलिथीनच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि पुडी महिन्याने बदला. नव्या प्लायवुडच्या कपाटातल्या वाफा शिशाला वाईट. शिशाच्या वस्तूवर पांढरी पूड दिसली तर ती विषारी असते, झटकू नका. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा आणि वस्तू वेगळ्या डब्यात हलवा.

९. वही आणि कायदा

प्रत्येक दौतीला क्रमांक द्या आणि वहीत लिहा: कुठून, कधी, कितीला, धातू, वजन, माप, शिक्के, दोष, फोटो क्रमांक. क्रमांकाची चिठ्ठी वाटीखाली ठेवायची, धातूवर चिकटवायची नाही. नोंद मराठीतच ठेवा, फक्त शिक्के जसे आहेत तसे उतरवा.

भारताचा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अमलात आला ५ एप्रिल १९७६ ला. त्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते. घरी ठेवायला अडचण नाही. सक्तीची नोंदणी आहे ती मूर्ती-शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या अशा ठरावीक वर्गांची. पण पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तर परवाना लागतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून आणलेली दौतही याला अपवाद धरू नका. म्हणून आयातीची कागदपत्रे फेकायची नाहीत. पुढे कुणा परदेशी संग्राहकाशी अदलाबदल ठरली आणि दौत शंभरच्या आतली वाटत असली, तरी ‘पुरावस्तू नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय पार्सल करू नका. आपल्याला जवळचे म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धारवाड मंडळ कार्यालय. चौकशी तिथून सुरू करा, आणि जाताना वही, फोटो व आयातीचे बिल तिन्ही घेऊन जा.